विश्लेषण : नवे टॉरेंट ॲप कसे असावे? डाउनलोडच्या वेगापेक्षा अपलोडचा लगाम का महत्त्वाचा?

प्ले स्टोअरवर ‘टॉरेंट’ असे टाइप केले की डझनावारी ॲप समोर येतात. जवळपास प्रत्येकाचे आश्वासन एकच : सर्वांत वेगवान डाउनलोड. गंमत अशी की, वेग ही टॉरेंट ॲपच्या हातात सर्वांत कमी असलेली गोष्ट आहे. फाइल किती जणांकडे आहे, त्यांचे इंटरनेट कसे आहे आणि तुमची नेटवर्क कंपनी बाहेरून येणाऱ्या जोडण्यांना वाट देते की नाही, यावर तो ठरतो. ॲपच्या हातात असते ते वेगळेच. तुमच्या फोनमधून बाहेर काय जाते, किती जाते, कोणाला जाते आणि कोणत्या नेटवर्कवरून जाते, हे ॲप ठरवते. डेटा पॅक संपणे, बॅटरी उतरणे आणि प्रसंगी कायद्याचा बडगा, या सगळ्याचे मूळ तिथेच असते. त्यामुळे कोणी आज नवा टॉरेंट क्लायंट लिहायला बसले, किंवा जुना काढून नवा निवडायला बसले, तर त्यात नेमके काय असायला हवे?

टॉरेंट चालते कसे?

अमेरिकी प्रोग्रामर ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट हा प्रोटोकॉल आणला. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे हॉस्टेल डोळ्यांसमोर आणले तर तो पटकन समजतो. चांगल्या नोट्स एकाकडेच आहेत आणि मागणारे पन्नास. सगळ्यांनी त्याच्याच दारात रांग लावली तर सकाळ उजाडेल. त्याऐवजी त्याने प्रत्येकाला वेगवेगळी पाने दिली आणि बाकीच्यांनी आपापसांत झेरॉक्स काढल्या, तर थोड्या वेळात सगळ्यांकडे पूर्ण संच तयार होतो. टॉरेंटमध्ये फाइलचे असेच तुकडे केले जातात. पूर्ण फाइल असलेला तो ‘सीडर’, देवाणघेवाण करणारे ते ‘पीअर’ आणि या सगळ्यांचा मिळून ‘स्वार्म’, म्हणजे थवा.

थव्याचे दोन नियम महत्त्वाचे आहेत. पहिला, जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो आधी उतरवायचा. त्यामुळे एखादा सीडर मध्येच निघून गेला तरी फाइल अडकण्याची शक्यता कमी होते. दुसरा, जो देतो त्याला आधी द्यायचे. आपल्याला कोण चांगल्या वेगाने देत आहे याचा हिशोब क्लायंट दर काही सेकंदांनी करतो आणि त्यांच्याकडेच आपला अपलोड वळवतो. नवख्यांकडे देण्यासारखे काही नसते, म्हणून साधारण दर ३० सेकंदांनी एखाद्याला काही न घेताही दिले जाते.

प्रत्येक तुकड्याची ‘हॅश’, म्हणजे गणिती ठसा, आधीच ठरलेली असते. आलेल्या तुकड्याचा ठसा जुळला नाही तर क्लायंट तो फेकून देतो आणि पुन्हा मागवतो. मध्येच वीज गेली तरी सगळे पहिल्यापासून उतरवावे लागत नाही ते यामुळेच. मॅग्नेट लिंकमध्ये तर फाइल नसतेच. असतो तो फक्त संपूर्ण टॉरेंटचा ठसा, आणि त्यावरून क्लायंट थव्याचा शोध घेतो.

टॉरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे, हे समीकरण आपल्याकडे पक्के झाले आहे आणि ते निराधारही नाही. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी टॉरेंटवर आला होता. पण तंत्राला त्याच्याशी देणेघेणे नाही. उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्स प्रणाली अधिकृतपणे टॉरेंटने दिल्या जातात. इंटरनेट अर्काइव्ह २०१२ पासून आपल्या संग्रहासाठी टॉरेंट देते आणि त्या संग्रहात डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली कितीतरी जुनी मराठी पुस्तकेही आहेत. इंटरनेटविना विकिपीडिया वाचण्याची सोय करणारा ‘किविक्स’ हा प्रकल्पही आपल्या मोठ्या फायली टॉरेंटने उतरवू देतो. नेट मध्येच तुटणाऱ्या गावातल्या शाळेला पाच-सहा जीबीची फाइल ब्राउझरने उतरवायची असेल तर दरवेळी नशिबाची परीक्षा असते. टॉरेंटने ती तीन दिवसांत तुकड्यातुकड्याने पूर्ण होते.

अपलोड हाच कळीचा मुद्दा का?

ऑगस्ट २०१६ मध्ये ब्लॉक केलेली संकेतस्थळे उघडल्यावर दिसणाऱ्या एका सूचनेने देशभर खळबळ उडवली होती. असे पान नुसते पाहिले तरी तीन वर्षे तुरुंगवास आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, असा तिचा अर्थ निघत होता. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात ‘ढिशूम’ चित्रपटाच्या बेकायदा प्रती रोखण्यासाठी इरॉस इंटरनॅशनलने केलेल्या दाव्यावर न्या. गौतम पटेल यांच्यासमोर सुनावणी सुरू होती. गुन्हा नुसते पाहण्यात नाही, परवानगी नसताना वितरण करणे, सार्वजनिक प्रदर्शन करणे, विकणे किंवा भाड्याने देणे यात आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि सूचनेची भाषा बदलायला लावली.

तेव्हा अनेकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. टॉरेंट वापरणाऱ्यांनी मात्र त्यातला ‘वितरण’ हा शब्द पुन्हा वाचायला हवा होता. स्ट्रीमिंगच्या संकेतस्थळावर बसलेला माणूस फक्त घेत असतो. टॉरेंट क्लायंट पहिला तुकडा हाती येताच तो दुसऱ्यांना वाटू लागतो. वापरकर्त्याच्या डोळ्यांसमोर ‘डाउनलोड : ४० टक्के’ एवढेच असते आणि मागे त्याच्या नावावरचे कनेक्शन वितरक झालेले असते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे तुरुंगवास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. अपलोड बंद ठेवले म्हणजे सगळे कायदेशीर झाले असेही नाही. परवानगीशिवाय प्रत करणे हेही उल्लंघनच ठरू शकते. पण आपण काय करत आहोत हे माणसाला किमान दिसले तरी पाहिजे.

म्हणून नव्या क्लायंटमध्ये पहिली गोष्ट हवी ती अपलोडचा आकडा डाउनलोडच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात दाखवण्याची. सध्याच्या बहुतेक मोबाइल ॲपमध्ये तो बारीक राखाडी अक्षरात कोपऱ्यात असतो किंवा दोन टॅब आत. आज किती दिले, या महिन्यात किती दिले, कोणत्या टॉरेंटसाठी दिले, हे एका नजरेत कळले पाहिजे. फाइल पूर्ण उतरल्यावर सीडिंग चालू राहणार आहे की थांबणार आहे, हेही त्याच वेळी विचारायला हवे. ‘जेवढे घेतले तेवढे दिले की थांब’ हा पर्याय डेस्कटॉपवरील क्लायंटमध्ये अनेक वर्षे आहे. तो सेटिंगच्या जंगलात न ठेवता सुरुवातीच्याच पडद्यावर ठेवला तर अर्धे गैरसमज मिटतील.

दुसरी गोष्ट, आधी यादी आणि मग डाउनलोड. मॅग्नेट लिंकवर बोट ठेवले की काही ॲप थेट उतरवायला लागतात. वास्तविक लिंकमधल्या ठशावरून आधी फक्त फाइलींची यादी मागवता येते. ती किती केबीची असते. यादी दाखवावी, वापरकर्त्याने हवे ते निवडावे, मगच खरी फाइल सुरू व्हावी. ५० पुस्तकांच्या संचातले एक पुस्तक हवे असेल तर बाकीच्या ४९ चा भार कशाला? याच पायरीवर धोक्याचा इशाराही देता येतो. सिनेमा किंवा पुस्तक म्हणून दिलेल्या टॉरेंटमध्ये विंडोजवर चालणारी एक्झी फाइल दिसली तर लाल रंगात सांगायला हवे. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन मुळातच लपवते. त्यामुळे व्हिडीओच्या नावामागे एक्झी दडवण्याची जुनी युक्ती आजही चालते.

आणि डीफॉल्टच शून्य अपलोड असलेला क्लायंट? तो चतुर वाटतो, पण फुकटा आहे. सगळ्यांनी तसेच केले तर थवा मरतो आणि सर्वांत आधी मरतात ती कमी मागणीची टॉरेंट, म्हणजे आपल्या जुन्या मराठी पुस्तकांसारखी. वायफायवर अपलोड सुरू आणि मोबाइल डेटावर बंद, ही सुरुवातीची रचना अधिक न्याय्य आहे.

डेटा पॅक आणि बॅटरीचे काय?

दिवसाला दीड-दोन जीबी देणाऱ्या पॅकमध्ये अपलोडही मोजला जातो, हे अनेकांच्या गावी नसते. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप फाइल साधारण सहा जीबीची आहे. ती घेऊन तेवढीच परत दिली तर १२ जीबीचा हिशोब झाला.

यावर बहुतेक ॲपमध्ये ‘फक्त वायफायवर’ असे एक बटण असते आणि ते अपुरे आहे. घरात भावाच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला तर तोही फोनला वायफायच दिसतो आणि भावाचा पॅक दुपारपर्यंत संपतो. अँड्रॉइडमध्ये कनेक्शन ‘मीटर्ड’ आहे का, म्हणजे मोजून मिळणारे आहे का, हे ॲपला विचारता येते आणि अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट सहसा तसा ओळखलाही जातो. नव्या क्लायंटने ‘वायफाय आहे का’ यापेक्षा ‘मीटर्ड आहे का’ हे पाहावे. काही ॲप ‘फक्त घरच्या वायफायवर’ अशी सोय देतात. त्यासाठी वायफायचे नाव वाचावे लागते आणि अँड्रॉइडमध्ये त्याकरिता लोकेशनची परवानगी लागते. टॉरेंट ॲप लोकेशन मागत असेल तर कारण हे असू शकते. मात्र कारण न सांगता मागत असेल, किंवा संपर्कयादी मागत असेल, तर ते ॲप नको.

बॅटरीचा प्रश्न थोडा खोलात आहे. ट्रॅकर नावाच्या मध्यवर्ती सर्व्हरशिवाय पीअर शोधण्यासाठी क्लायंट ‘डीएचटी’ या जाळ्यात सामील होतात. त्यात प्रत्येक फोन इतरांच्या चौकशांना उत्तरे देत असतो. एकही टॉरेंट सुरू नसताना हे चालू राहिले तर फोनचा रेडिओ शांत झोपत नाही. काम नसेल तेव्हा जाळ्यातून बाहेर पडणे, चार्जिंगला लावल्यावरच सीडिंग करणे, अमुक टक्क्यांखाली बॅटरी गेली की थांबणे, या गोष्टी नव्या ॲपमध्ये हव्यातच.

त्यात गुगलने नियम कडक केले आहेत. अँड्रॉइड १५ साठी बनवलेल्या ॲपना ‘डेटा सिंक’ प्रकारची पार्श्वभूमीवरील सेवा २४ तासांत सहा तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. रात्रभर डाउनलोड लावून झोपण्याची सवय असलेल्यांना सकाळी अर्धवट फाइल दिसते ती बऱ्याचदा अशा मर्यादांमुळे. अँड्रॉइड १४ पासून वापरकर्त्याने स्वत: सुरू केलेल्या मोठ्या हस्तांतरणासाठी वेगळी सोय आली आहे. नवे ॲप लिहिणाऱ्याने जुन्या पद्धतीला चिकटून राहण्याऐवजी ती वापरावी.

सीडर शंभर, तरी डाउनलोड शून्यावर का?

भारतीय मोबाइल नेटवर्कवर हा नेहमीचा अनुभव. आयपीव्ही४ पत्ते अपुरे असल्याने कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. मोठ्या सोसायटीला एकच टपालपेटी असावी तसे. आतून पत्र पाठवता येते, पण बाहेरच्याने थेट तुमच्या दाराशी येणे शक्य नसते. टॉरेंटमध्ये दोघांपैकी एकाच्या तरी दाराशी पोहोचता आले पाहिजे. दोघेही अशा पेटीमागे असतील तर भेटच होत नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचे जुने सल्ले इथे निरुपयोगी ठरतात, कारण अडथळा राउटरच्याही पलीकडे, कंपनीच्या यंत्रणेत असतो.

उपाय दोन आहेत. एक आयपीव्ही६, ज्यात प्रत्येक उपकरणाला स्वत:चा पत्ता मिळू शकतो. या बाबतीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे आणि त्यात जिओचा वाटा मोठा. दुसरा ‘होल पंचिंग’. दोघांच्या ओळखीचा तिसरा पीअर दोघांना एकाच वेळी दार ठोठवायला सांगतो आणि त्यातून वाट उघडते. हे दोन्ही नीट करणारा क्लायंट आपल्याकडे खऱ्या अर्थाने वेगवान ठरेल. आणि तरीही जोडणी होत नसेल तर ‘कनेक्टिंग…’ असे तासभर फिरवत ठेवण्यापेक्षा कारण साध्या मराठीत सांगावे.

‘वेब सीड’ची सोयही हवी. इंटरनेट अर्काइव्हच्या टॉरेंटमध्ये अनेकदा एकही सीडर नसतो, पण फाइल त्यांच्या सर्व्हरवर असते. वेब सीड समजणारा क्लायंट ती तिथून तुकड्यांनी उतरवतो. न समजणारा ‘० सीडर’ दाखवून बसून राहतो.

टॉरेंट सुरू केले की घरात सगळ्यांचे व्हिडीओ कॉल अडखळतात, ही तक्रार जुनी आहे. त्यावर ‘यूटीपी’ ही पद्धत आली. पाठवलेल्या पाकिटांना होणारा उशीर मोजायचा आणि तो साधारण १०० मिलिसेकंदांपुढे जाऊ लागला की स्वत:हून मागे सरायचे. ती डीफॉल्ट चालू असावी, एवढेच.

व्हीपीएन लावले की निर्धास्त?

थव्यातल्या प्रत्येकाला इतरांचा आयपी पत्ता दिसतो. टॉरेंटमध्ये ‘एन्क्रिप्शन’ नावाचे बटण असते, पण त्याचा उपयोग नेटवर्क कंपनीला वाहतूक पटकन ओळखता येऊ नये इतकाच. समोरच्या पीअरपासून त्याने काहीही लपत नाही. अनेक ॲप या बटणाची जाहिरात गोपनीयतेच्या नावाने करतात, ती दिशाभूल आहे.

व्हीपीएनने पत्ता बदलतो. मात्र व्हीपीएन दोन मिनिटे तुटले तर क्लायंट गुपचूप खऱ्या पत्त्यावरून काम सुरू ठेवतो आणि कोणाला कळतही नाही. क्यूबिटटॉरेंटमध्ये क्लायंटला एका ठरावीक नेटवर्कशी बांधून ठेवता येते. ते नेटवर्क गेले की टॉरेंट थांबते. ही सोय प्रगत सेटिंगमध्ये लपलेली आहे. मोबाइलवर ती एका बटणावर हवी. सरकारी रुग्णालयाच्या, कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर चुकून सीडिंग सुरू राहू नये यासाठीही तिचा उपयोग आहे. व्हीपीएन म्हणजे अदृश्य होणे असेही नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायची आहे. त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले.

मराठी नावाच्या फाइली का अडकतात?

हा प्रश्न परदेशी डेव्हलपरच्या यादीत क्वचितच असतो. अँड्रॉइडमध्ये फाइलचे नाव २५५ बाइटपर्यंतच असू शकते. इंग्रजी अक्षर एका बाइटचे, तर युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटचा होतो. रोमन लिपीत तोच १२ अक्षरांत आणि १२ बाइटमध्ये मावतो. म्हणजे मराठी नावाला जेमतेम ८५ चिन्हे मिळतात. ग्रंथाचे नाव, लेखक, संपादक, आवृत्ती असे सगळे नावात लिहिण्याची आपली पद्धत पाहता ती सहज ओलांडली जातात. विंडोज वेगळ्या पद्धतीने मोजते, त्यामुळे तिथे बनवलेले टॉरेंट तिथे चालते आणि फोनवर ‘एरर’ देते. चांगल्या क्लायंटने नाव अक्षराच्या मध्येच न तोडता आटोपशीर करावे आणि मूळ नाव आपल्या यादीत जपावे.

‘ऱ’ची गोष्ट आणखी मजेशीर. ‘दुसऱ्या’मधला ऱ एकाच चिन्हाने लिहिता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. जुन्या मॅकवरून आलेली फाइल फोनवर समोर असूनही क्लायंट ‘फाइल सापडली नाही’ म्हणतो, त्यामागे कधी कधी हे असते. दोन्ही रूपे सारखी मानणे हे काही ओळींचे काम आहे.

मेमरी कार्डाचेही तसेच. ३२ जीबीपर्यंतची कार्डे सहसा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात आणि त्यात चार जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही. अनेक ॲप ९० टक्क्यांपर्यंत उतरवून मग हे सांगतात. फाइलचा आकार आधीच माहीत असताना पहिल्या सेकंदाला सांगायला काय हरकत आहे?

ॲपवर भरवसा कसा ठेवायचा?

टॉरेंटमधून व्हायरस येतो हे सगळे जाणतात. टॉरेंट क्लायंटमधूनच तो येऊ शकतो, हे २०१६ मध्ये दिसले. मार्चमध्ये मॅकवरील ‘ट्रान्समिशन’ या प्रतिष्ठित, मुक्तस्रोत क्लायंटच्या अधिकृत संकेतस्थळावरील इन्स्टॉलर हल्लेखोरांनी बदलला. त्यातून ‘कीरेंजर’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरले. ते तीन दिवस गप्प बसे, मग फाइली कुलूपबंद करून एक बिटकॉइन मागे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्रान्समिशनवर पुन्हा तसाच प्रकार घडला.

२०१८ च्या सुरुवातीला गुगलच्या प्रोजेक्ट झिरोमधील संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी आधी ट्रान्समिशन आणि मग यूटॉरेंटमधील त्रुटी उघड केल्या. क्लायंट दुरून चालवण्यासाठी संगणकात एक छोटा सर्व्हर सुरू असतो. ब्राउझरमध्ये उघडलेले एखादे दुष्ट पान त्या सर्व्हरला परस्पर आज्ञा देऊ शकत होते. क्यूबिटटॉरेंटमध्ये तर ॲपकडून होणाऱ्या सुरक्षित जोडण्यांची प्रमाणपत्रे तपासलीच जात नव्हती. ही चूक २०१० पासून होती आणि ऑक्टोबर २०२४ मधील ५.०.१ आवृत्तीत दुरुस्त झाली. त्याच क्लायंटच्या वेब पडद्याचा ठरलेला पासवर्ड जगजाहीर होता. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ४.६.१ पासून तो प्रत्येकासाठी वेगळा तयार होऊ लागला.

यावरून नव्या क्लायंटसाठी काही गोष्टी उघड आहेत. स्रोत खुला असावा, पण तेवढ्याने भागत नाही. १४ वर्षे खुल्या स्रोतातली चूकही राहून गेली. दुरून चालवण्याची सोय मुळात बंद असावी आणि चालू करताना नवा पासवर्ड मागावा. अपडेटवर डेव्हलपरची डिजिटल सही असावी आणि ती ॲपने स्वत: तपासावी. ॲपमध्येच टॉरेंट शोधण्याची खिडकी असावी का? मागणी भरपूर आहे, पण ती खिडकी म्हणजे अनोळखी संकेतस्थळांना ॲपच्या आत दिलेली वाट. ती नसलेली बरी.

आरएसएस, वेळापत्रक, लेबले, रंगसंगती यांची यादी कितीही वाढवता येईल. ती असावीत, अडत नाही.

प्रोटोकॉल बदलतो आहे का?

हळूहळू. जुना प्रोटोकॉल एसएचए-१ या ठशावर उभा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगल आणि नेदरलँड्समधील सीडब्ल्यूआय संस्थेने एकच एसएचए-१ ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवून दाखवल्या. बिटटॉरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याऐवजी एसएचए-२५६ आहे. शिवाय प्रत्येक फाइलचा ठसा स्वतंत्र असल्याने तीच फाइल दोन वेगळ्या टॉरेंटमध्ये असेल तर ती ओळखता येते. बिघडलेला भाग १६ केबीच्या तुकड्यापर्यंत शोधता येतो, म्हणजे मोजूनमापून डेटा वापरणाऱ्याचा पुन्हा उतरवण्याचा खर्च कमी. क्यूबिटटॉरेंटचा गाभा असलेल्या ‘लिबटॉरेंट’ने २०२० मध्येच तिला आधार दिला. नव्या क्लायंटने जुनी आणि नवी, दोन्ही आवृत्त्या बोलाव्यात.

पैसा कुठून येणार?

सगळी घसरण इथून सुरू होते. स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेउस यांनी २००५ मध्ये आणलेला यूटॉरेंट इतका हलका होता की जुन्या पेंटियम संगणकांवरही भुर्रकन चाले. २००६ च्या अखेरीस तो बिटटॉरेंट कंपनीने घेतला. २०१२ मध्ये जाहिराती आल्या. मार्च २०१५ मध्ये त्याच्यासोबत ‘एपिक स्केल’ हे संगणकाची ताकद वापरून क्रिप्टोचलन मिळवणारे सॉफ्टवेअर येत असल्याच्या तक्रारी झाल्या. परवानगीशिवाय ते टाकले जात नाही, असे कंपनीने सांगितले, पण पुढे ते काढून टाकले. २०१८ मध्ये कंपनी क्रिप्टो क्षेत्रातील ‘ट्रॉन’कडे गेली आणि २०१९ मध्ये बीटीटी हे टोकन आले. वापरकर्त्यांचा मोठा गट दरम्यान क्यूबिटटॉरेंटकडे वळला होता. तो स्वयंसेवक आणि देणग्यांवर चालतो.

त्यामुळे नव्या ॲपचे पैसे कुठून येणार, हे त्याच्या वर्णनातच लिहिलेले असावे. एकदाच थोडे पैसे घेणारे ॲप जाहिरातींच्या ‘मोफत’ ॲपपेक्षा स्वस्त पडते, कारण जाहिरातीही डेटा खातातच. कमी खर्चात उभे राहायचे तर गाभा नव्याने लिहिण्याची गरज नाही. आर्विड नॉरबर्ग यांनी लिहिलेले लिबटॉरेंट मुक्त आहे आणि अनेक क्लायंट त्यावरच चालतात. अँड्रॉइडवर ‘लिब्रेटॉरेंट’ हे मुक्तस्रोत, जाहिरातमुक्त ॲप त्याच गाभ्यावर उभे आहे. बाकी मेहनत वरच्या थरात, म्हणजे अपलोडच्या आकड्यात, मीटर्ड नेटवर्कच्या तपासणीत, मराठी नावांत आणि स्पष्ट सूचनांत घालता येते.

आयफोनधारकांसाठी यातले काहीच फारसे कामाचे नाही. ॲपल आपल्या ॲप स्टोअरवर टॉरेंट ॲपना सहसा थारा देत नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्यामुळे २०२४ मध्ये तिथल्या आयफोनवर पर्यायी स्टोअर आली आणि त्यांतून टॉरेंट ॲपही पोहोचले. भारतात ती वाट उघडलेली नाही. इथल्या आयफोनवर टॉरेंट हवे असेल तर घरच्या संगणकावर क्लायंट चालवून तो फोनच्या ब्राउझरमधून हाताळणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. ते करताना पासवर्ड मात्र आधी बदलावा.